टाचणी परदेशी राहिली

माझी लिहायची वेळ सकाळची. देवापुढे दिवा लावायचा, जप पुरा करायचा आणि मग वही उघडायची. तीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. चुकलेला नव्हता, असं म्हणायला हवं. कारण आम्ही परदेशात मुलाकडे तीन आठवडे राहिलो, त्यातली दोन पानं कोरी आहेत. प्रवासाचं बाकी सगळं लिहून झालं. तळं लिहिलं, डोंगर लिहिला, आपण जवळ गेलो की आपोआप सरकणारी दारंसुद्धा लिहिली. ती दोन पानं तेवढी राहिली. आज ती भरायची ठरवली आहे, आणि ती भरायची तर माझ्या धाकट्या जावेबद्दल लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

तिला घरात आणि घराबाहेर सगळे टाचणी म्हणतात. अंगाने बारीक आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे दिवसातले आठ तास तिच्या ओठांत टाचण्या असतात. त्या न काढता ती बोलते, हसते, भांडतेसुद्धा. माझे दीर गेले तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. मूलबाळ नाही. महिनाभर गप्प बसून राहिली आणि मग एके दिवशी पुढच्या खोलीत मशीन मांडून दारावर पाटी लावली : 'कपडे लहान-मोठे करून मिळतील.'

ते वाचून आमचे हे म्हणाले, "माणसंही करून देतेस का? आमच्या साहेबांना जरा लहान करायचंय."

"घेऊन या, भावजी. माप बघून सांगते," ती म्हणाली.

त्याला बावीस वर्षं झाली. नवं कापड ती शिवत नाही. चेन बदलते, बाह्या आखूड करते, कंबर सैल करते. तिच्याकडे गर्दी का, हे मला फार दिवस कळत नव्हतं. मग एकदा पडद्याआडून ऐकलं. एक बाई स्कर्ट घेऊन आल्या होत्या, बटण लागत नव्हतं. टाचणीने कापड बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाली, "आटलंय हो हे. धुण्यात आटतात ही कापडं." बाईंचा चेहरा असा खुलला! बावीस वर्षांत टाचणीच्या तोंडून कुणी जाड झालेलं नाही. दर वेळी कापडच आटतं.

मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. घर मी चालवते. तिच्या हातचा चहा पांचट होतो, भाजीत मीठ पडलं तर पडलं. तरी दारात आलेला माणूस पहिल्यांदा काय विचारणार? "टाचणीताई आहेत का?" मी दार उघडलं तर माझ्या खांद्यावरून आत बघून विचारतात. हे मी पूर्वीही वहीत लिहिलेलं आहे, एकदा नाही, पुष्कळदा.

तर मुलाचा फोन आला. सुनेला सातवा महिना लागला होता. म्हणाला, "आई, तुम्ही तिघं या. तीन आठवडे मस्त फिरू. मग बाबा आणि काकू परत जातील. तू मात्र राहायचंस. बाळंतपण तुझ्या हातचं."

'बाळंतपण तुझ्या हातचं' हे शब्द मी वहीत उतरवून घेतले आणि खाली रेघ मारली. शेजारी सांगितलं, जपाच्या बायकांना सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. दोघांची तिकिटं तीन आठवड्यांची, माझं चार महिन्यांचं. माझी बॅग एवढी भरली की ह्यांना तिच्यावर बसावं लागलं. आत मी विणलेल्या सहा टोप्या होत्या. टाचणीने मऊ जुन्या कापडांची दुपटी शिवली होती, ती तिच्या पिशवीत.

विमानतळावरच तिने खेळ केला. तपासणीच्या यंत्राने तिची पिशवी अडवली. आत तिची कात्री! बावीस वर्षांची, एका कडीला चिंध्या गुंडाळलेली. तिला वाटलं होतं, कामाची वस्तू आहे, काय म्हणणार? तपासणीवाल्या बाईने कात्री डब्यात टाकायला सांगितली. मग कॉलरच्या आतून टाचण्या निघाल्या, एकामागून एक, अकरा. मागे रांग खोळंबली होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. टाचणीने कात्रीकडे एकदा बघून घेतलं आणि त्या बाईला खुणेने दाखवलं, की तुमच्या बाहीची शिवण उसवली आहे. बाई हसली. माझ्याकडे मात्र तिने असं बघितलं, जणू कात्री माझीच होती. विमानात टाचणी बराच वेळ उगीच बोटं उघडत-मिटत बसली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. थोडं बरंही वाटलं.

मुलाचं घर चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, इतकं लख्ख की फडका कुठे वाळत घालावा कळेना. सुनेची रजा सुरू झाली होती. मी दुसऱ्याच दिवशी पदर खोचला. डबे पुसले, मसाल्यांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, सकाळी तिच्यासाठी गरम सूप करायला लागले. ती म्हणायची, "थँक्यू, आई." रोज म्हणायची. बाटली दिली तरी थँक्यू, चमचा दिला तरी थँक्यू.

आणि टाचणी काय करत होती? काही नाही. सोफ्यावर पाय घेऊन बसायची आणि सुनेच्या गप्पा ऐकायची. चौथ्या दिवशी फिरायला निघालो तर सुनेचा कोट पोटावर बसेना. ती आरशासमोर उभी राहून रडकुंडीला आली. मी म्हटलं, "अगं, सातव्या महिन्यात असंच होणार, मोठा घे एखादा." टाचणीने कोटाचं टोक चोळलं.

"आटलाय गं तुझा कोट. इथलं पाणी जड दिसतंय."

सून रडता रडता हसायला लागली. टाचणीने स्वयंपाकघरातल्या कात्रीने कोटाच्या दोन्ही कडा उसवल्या, जुन्या स्कर्टच्या पट्ट्या लावल्या आणि तासाभरात कोट अंगावर चढवला. सुनेने तिला मिठी मारली. सूपाला थँक्यू आणि कोटाला मिठी.

दोन दिवसांनी त्या दोघी बाजारात गेल्या आणि भेटी घेऊन आल्या. टाचणीला कात्री. काळी, जड, पात्यावर बारीक वेलबुट्टी. मला छत्री. छत्री चांगली आहे, मला काही म्हणायचं नाही. पण कात्रीसाठी तीन दुकानं पालथी घातली असं सूनच उत्साहाने सांगत होती, आणि छत्री येता येता दारातल्या दुकानातून घेतलेली दिसत होती.

प्रवासात बघण्यासारखं पुष्कळ होतं. तळ्यावर बोट होती, तिच्यात मी पुढे बसले आणि वाऱ्याने तोंडातला जप तोंडातच राहिला. तो आनंद मी विसरणार नाही. डोंगरावर दोरीवरून डबे जातात, तिथे मात्र माझी छाती झाली नाही. ह्यांनी मला सोबत म्हणून खाली बसायचं कबूल केलं आणि बाकावर झोपी गेले. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यामुळे सून, मुलगा आणि टाचणी वर गेले. टाचणीही भित्रीच आहे. डोळे घट्ट मिटून डब्यात शिरली, पण शिरली. तासाभराने तिघं खाली आले ते हसत. सून टाचणीचा दंड धरून म्हणाली, "काकू, 'कंडक्टर, थांबवा!' " आणि पुन्हा तिघांची हसून मुरकुंडी. काय झालं विचारलं तर मुलगा म्हणाला, "काही नाही गं आई, तिथे असतीस तर कळलं असतं." वर काय झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या कानाला एक शब्द खुपला. सून मला म्हणाली, "आई, आम्ही रविवारी सकाळी उशिरा उठतो." आणि टाचणीला म्हणाली, "काकू, रविवारी आपण उशिरा उठू या."

मी कान लावून बसले. "आई, आम्ही खिडकी उघडी ठेवतो." "काकू, आपण खिडकी उघडू या का?" "आई, आम्ही बाळाचं नाव अजून ठरवलं नाही." "काकू, आपण नाव काय ठेवायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वहीच्या समासात मी रेघा मारल्या. दिवसभरात मला अकरा वेळा 'आम्ही'. एकदाही 'आपण' नाही. टाचणीला नऊ वेळा 'आपण'. आम्ही म्हणजे ती आणि माझा मुलगा, मी बाहेर. आपण म्हणजे ती आणि टाचणी, दार बंद. मी जन्म देऊन ज्याला वाढवला त्याच्या घरात मी पाहुणी, आणि जिच्या हातच्या चहाला चव नाही ती घरची. जप करताना मणी पुढे सरकत होते आणि मी मनात आम्ही-आपण, आम्ही-आपण मोजत होते. देवाने ऐकलं असेल तर त्यालाही कंटाळा आला असेल.

परतीला आठ दिवस उरले असताना मुलगा मला घेऊन पाव आणायला खाली उतरला. जिन्यातच त्याने सुरुवात केली.

"आई, तुझे गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना काय झालंय?"

"नाही, इथे थंडी वाढेल आता. हे जिने. तुझा जप, तुझं सगळं वेळापत्रक..." तो पावाच्या दुकानाच्या काचेत बघत राहिला. "हिच्या मनात असं होतं की, काकू राहिली तर? म्हणजे दोघींनी तारखा बदलून घ्यायच्या. बाळ दोन महिन्यांचं झालं की काकू जाईल आणि तू ये. तुला वाईट वाटत नसेल तर काकूला विचार ना. आम्ही विचारलं तर तिला नाही म्हणता येणार नाही."

"विचारते," मी म्हटलं.

नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी मी मुलाला सांगितलं, "काकू नाही म्हणाली. गिऱ्हाइकांचे कपडे अडकलेत, एवढे दिवस राहता येणार नाही म्हणाली."

तो "अच्छा" म्हणाला आणि खांदे पाडून आत गेला. कोरी पानं दोन, ती त्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची. दिवा लावला, वही उघडली, पेन हातात धरलं आणि वही मिटली.

खोटं दोनच दिवस टिकलं. दुपारी जेवताना सून टाचणीला म्हणाली, "काकू, मला समजतं हं. तुमची गिऱ्हाइकं थोडीच थांबणार आहेत. मी उगीच हट्ट धरला."

टाचणीचा घास हातात राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. मी मिठाकडे बघितलं. मला वाटलं आता घर कोसळतंय.

"हो ना," टाचणी म्हणाली. "लोक पँटी देऊन ठेवतात आणि मग पाय हलवत बसतात."

सगळे हसले. मी पण हसले, दुसरं काय करणार.

जेवण झाल्यावर तिने धुण्याची टोपली उचलली आणि मला म्हणाली, "ताई, चला जरा खाली." त्या इमारतीच्या तळघरात धुलाईची यंत्रं आहेत, सगळ्यांची मिळून. तिने कपडे आत टाकले, झाकण लावलं, यंत्र गरगरायला लागलं, तशी ती वळली. ओठांत टाचण्या नव्हत्या. बावीस वर्षांत मी तिला इतकं स्पष्ट बोलताना ऐकलं नव्हतं.

"ताई, मी काय म्हणाले होते?"

"कशाबद्दल?"

"तेच विचारतेय. मी कशाला नाही म्हणाले, ते मला कळू दे तरी."

मी सांगितलं. जिन्यापासून सांगितलं. रडू आलं, पण तिने जवळ घेतलं नाही, की रडू नका म्हटलं नाही.

"मी नाहीच म्हणाले असते, ताई. खरं सांगते. मला माहीत होतं तुम्ही किती दिवस बॅग भरत होतात. पण ते माझ्या तोंडाने म्हणाले असते. माझ्याकडे आहे काय? नवरा नाही, पोर नाही. कुणी एकदा बोलावलं, आणि त्याला नाही म्हणायचा मानसुद्धा तुम्हीच घेतलात."

यंत्र थांबलं. ओले कपडे तिने एकटीने काढले. मी हात पुढे केला तर टोपली दुसऱ्या बाजूला घेतली.

वर जाऊन मी सुनेला गाठलं. ती पलंगावर छोटे मोजे जोडत बसली होती. म्हटलं, "काकू नाही म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नाही." तिचं तोंड पांढरं पडलं. मग मला थांबवेना. "तू मला आम्ही म्हणतेस आणि तिला आपण म्हणतेस. अकरा वेळा म्हणालीस एका दिवसात."

"मी? मी असं म्हणते?" तिला खरंच माहीत नव्हतं. ती थोडा वेळ मोजे उलटसुलट करत राहिली आणि मग म्हणाली, "आई, रागावू नका. तुम्ही खूप करता. पण तुम्ही मसाल्याच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्यात ना, तेव्हापासून मी बाटली घेतली की परत तिथेच ठेवते. मला भीती वाटते. तुम्ही असलात की मी घर आवरून ठेवते. काकू असल्या की पसारा चालतो. बाळ झाल्यावर खूप पसारा होणार आहे, आई."

मी तिच्या पसाऱ्याला एक शब्द बोलले नव्हते. नुसता आवरला होता. त्यात बोलण्याहून जास्त बोलून गेले, हे मला परक्या देशात, पलंगाच्या कडेवर बसून कळलं. पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळपासून सुनेने मनावर घेतलं. चहाच्या वेळी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आपण चहा घेणार का?"

टाचणी सोफ्यावरून फिसकन हसली. "अगं, आता तर तू त्यांना मंत्री करून टाकलंस! आपण चहा घेणार का, आपण भाषण करणार का!"

सून गोंधळली, "नाही, म्हणजे आपण, आपण सगळे..." ह्यांनी लगेच उठून मला हात जोडले, "आपण आलात, आमचं भाग्य!" मी इतकी हसले की गुडघे दुखले. तळघरानंतर टाचणी माझ्याकडे बघून हसली ती तेव्हा पहिल्यांदा. फार नाही, ओठांच्या एका कडेने.

त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, मी तिला विचारलं, "राहशील का गं?"

मला वाटलं होतं ती लगेच हो म्हणेल, किंवा माझं मन राखायला नाही म्हणेल. तिने कप खाली ठेवला. "विचार करून सांगते," म्हणाली.

दोन दिवस विचार केला बाईने! दोन दिवस घरातली चार माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. ती नव्या कात्रीने पडद्यांचे निघालेले दोरे कापत बसली होती. मुलगा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणायचा, "काकू काय म्हणते?" मी म्हणायचे, "तिला विचार. मी आता तिच्या वतीने बोलणार नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी मी लिहीत बसले असताना ती येऊन शेजारी टेकली.

"राहते. पण माझ्याकडे चौदा जणांचे कपडे पडलेत. ते तुम्ही परत द्यायचे. ज्यांचे झालेत त्यांना घडी करून, ज्यांचे नाही झाले त्यांची माफी मागून. आणि कुणाला जाड झालात म्हणायचं नाही."

"मी कशाला म्हणेन?"

"तुम्ही म्हणत नाही, ताई. तुम्ही नुसतं बघता."

तारखा बदलल्या. माझ्या बॅगेतल्या टोप्या काढून ठेवल्या, तिच्या पिशवीत माझे लोकरी मोजे घातले. विमानतळावर सुनेने मला मिठी मारली. मोजून सांगते, ती टाचणीच्या कोटाच्या मिठीहून थोडी छोटी होती. पण तिचं पोट मोठं होतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

घरी आल्यापासून पुढच्या खोलीत मी बसते. दार वाजतं, माणूस माझ्या खांद्यावरून आत बघतो. "टाचणीताई नाहीत का?" "परदेशी आहेत," मी सांगते. "आमच्या सुनेने ठेवून घेतलंय." 'आमच्या' यावर जरा जोर देते. मग कपडे देते. परवा एका गृहस्थांना त्यांची पँट दिली, तिची कंबर सैल करायची राहिली होती. त्यांनी घालून बघितली, श्वास आत घेतला, बटण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत राहिले. मला ते वाक्य जमत नाही. जीभ वळत नाही. शेवटी म्हटलं, "ती आल्यावर बघेल." ते म्हणाले, "तेच बरं."

काल मुलगी झाली. फोनच्या पडद्यावर दाखवली. आधी टाचणीचा हात दिसला, मग दुपटं, मग दुपट्यातलं एवढंसं लाल तोंड. सून थकलेली होती, तरी म्हणाली, "आई, बघा." मागे खोलीत कपडे, बाटल्या, टॉवेल, सगळं इकडेतिकडे पडलं होतं. मी काही बोलले नाही आणि बघितलंही नाही, म्हणजे फार नाही. टाचणी तोंडात टाचण्या धरून काहीतरी म्हणाली, ते कुणालाच कळलं नाही. ह्यांना वाटलं आशीर्वाद दिला.

आज सकाळी दिवा लावला. बाळ सुखरूप राहू दे म्हटलं. सुनेच्या अंगात ताकद येऊ दे म्हटलं. टाचणीला तिथली थंडी बाधू नये, हेही म्हटलं, मनापासून म्हटलं. तिथेच हात जोडून उठायला हवं होतं. उठले नाही. आणखी एक मागितलं : देवा, पोर तिच्याकडे थोडं रडू दे. फार नको. मी पोचेपर्यंत.